भोक नसलेल्या कुंड्या

८ जानेवारी, रविवार

झाडं आणली. सगळी. एकही सोडलं नाही.

टेम्पोवाला म्हणाला, "मॅडम, सामान एवढंच? हे तर पिशवीत मावलं असतं." मी म्हटलं, निवडुंग पिशवीत घालून मांडीवर घेऊन बस आणि मग मला सांग. त्याने मागचं फळकं खाली केलं.

ही डायरी एक्स-रेच्या फिल्म पुरवणाऱ्या कंपनीने मी काम करते त्या सेंटरला भेट दिली होती. दरवर्षी देतात, दरवर्षी कोरी राहते. आई म्हणते, मनात ठेवू नकोस, बोल. पण बोलायला गेले की माझा आवाज चढतो, आणि चढलेला आवाज मला आवडत नाही. म्हणून लिहिते आहे.

बारकी जाऊन दोन महिने झाले. माझी धाकटी बहीण. तिचं खरं नाव घरात कुणी कधी घेतलं नाही. ती लग्न होऊन गेली तरी बारकीच राहिली. तिच्या बाल्कनीत ही झाडं होती. सगळी निवडुंग आणि त्यांच्या जातीतली जाड पानांची.

भावोजी दारात उभे होते. मी एकेक झाड उचलून बाहेर नेत होते आणि ते बाजूला सरकत होते. चहा टाकू का, म्हणाले. मी नको म्हटलं. मदत करू का, म्हणाले. तेही नको म्हटलं.

आणि ही झाडं कशात लावलेली असावीत? निळी इनॅमलची किटली, झाकण नसलेली. कान तुटलेला, सूप प्यायचा वाडगा. बिस्किटांचा टिनाचा डबा. पाण्याच्या नळाचा जाड तुकडा, उभा केलेला. भावोजी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतात, तिथली प्लास्टर कालवायची हिरवी रबरी वाटी. एका माणसाला बायकोसाठी एक धड कुंडी आणता येऊ नये? सगळं एवढंसं. झाडाच्या बाहेर बोटभर जागा नाही. मुळांनी पाय पसरायचे कुठे? बारकी स्वतःसाठी कधी काही मागायची नाही, आणि हा माणूस कधी विचारायचा नाही. जोडा जमला होता.

शेवटी किटली उचलली तेव्हा ते म्हणाले, "ताई, हा तेवढा ठेवू का?"

किटलीत म्हातारा आहे. निवडुंगच, पण अंगभर पांढरे लांब केस. बारकीने कॉलेजात असताना आणला होता आणि नाव तिनेच ठेवलं होतं. तेव्हा तो अंगठ्याएवढा होता. आता मुठीएवढा आहे. एवढ्या वर्षांत एवढाच वाढला.

मी म्हटलं, "तुम्ही ठेवण्यात किती पटाईत आहात ते पाहिलं की."

ते आत निघून गेले. मी किटली छातीशी धरून जिना उतरले. केस मऊ दिसतात, पण आत काटे आहेत. ब्लाउजमधून टोचत होते. टोचू दिले.

१० जानेवारी

आज सेंटरला गर्दी. दिवसभर तेच. हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. हे मी झोपेतसुद्धा म्हणते, असं आई सांगते.

मी डॉक्टर नाही. निदान सांगायची मला परवानगी नाही. पण फिल्म पडद्यावर आली की मला कळतं. पेशंट बाहेर बाकावर बसून मोबाइल बघत असतो आणि मला आधीच कळलेलं असतं. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, एवढं मी शिकले आहे.

बारकीने तपासण्या गावाच्या दुसऱ्या टोकाला केल्या. माझं सेंटर तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तरी दोन बस बदलून तिकडे गेली. का, तर मला कळू नये. पूर्ण उन्हाळा ती आमच्याकडे येऊन खोकत होती आणि म्हणत होती, धूळ गं. मी तिला खोकल्याचं औषध आणून दिलं. मी! तिने ते घेतलंसुद्धा, माझ्यासमोर, तोंड वाकडं करून.

आणि नवरा? बायकोने सांगितलं गप्प बस, याने नंदीबैलासारखी मान डोलावली. फोन केला तोही इस्पितळातून, तिच्या तोंडावर मास्क चढल्यावर. मी पोचले तेव्हा ती बोलू शकत नव्हती. माझ्याकडे बघून दोन बोटं हलवली. त्याचा अर्थ काय ते मी अजून शोधते आहे.

आज एका पेशंटला मी उगाच झापलं. श्वास रोखा म्हटलं की लोक हसतात का?

१४ जानेवारी, शनिवार

कुंड्या घेतल्या.

आमच्या चौकात घर सजवायच्या वस्तूंचं नवीन दुकान झालं आहे. आत थंडगार, बारीक संगीत चालू. मालक माझ्याहून लहान, कानाशी केस कोरलेले. मी सांगितलं, निवडुंगासाठी चांगल्यातल्या कुंड्या हव्यात. चांगल्यातल्या, यावर मी जोर दिला.

त्याने पांढऱ्या चिनीमातीच्या दाखवल्या. गुळगुळीत, बाहेरून एकही रेघ नाही. वाकून बघितलं तर तोंड दिसतं. सगळ्या एका आकाराच्या, चांगल्या मोठ्या.

मी उलटी करून बघितली. "याला खाली भोक नाही?"

"भोक कशाला, मॅडम? पाणी गळून फर्निचर खराब. तुम्ही खाली गोटे घाला. जास्तीचं पाणी गोट्यांत जाऊन बसतं. सगळे असंच करतात."

"झाडाला चालतं?"

"निवडुंग आहे हो. वाळवंटात जगतो, माझ्या कुंडीत नाही जगणार?"

हे मला पटलं. शिवाय त्या कुंड्या बारकीला शोभल्या असत्या. मी गोटेही घेतले, पांढरेच. घरी आल्यावर आई म्हणाली, "हे काय, वॉश बेसिन आणलीस?"

१५ जानेवारी, रविवार

सकाळपासून दुपार झाली तरी हेच चालू. बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरली. काटे लागू नयेत म्हणून कागदाची जाड पट्टी करून झाडाभोवती गुंडाळायची आणि पट्टीला धरून उचलायचं. हे बारकीला करताना पाहिलं होतं.

आई खुर्ची टाकून दारात बसली. तिच्या देखरेखीशिवाय आमच्या घरात खिळाही ठोकला जात नाही.

"केवढ्याशा झाडाला केवढं भांडं," ती म्हणाली. "बापाचा कोट घातल्यासारखं दिसतंय."

"वाढेल त्यात."

"विचारलंस का त्याला, वाढायचंय का म्हणून?"

"आई, त्या माणसाने हिला डबड्यांत ठेवलं होतं."

"हिला की झाडांना?"

आई भावोजींची बाजू घेते. घेणारच. तिच्या तोंडात त्यांनीच केलेली कवळी आहे. मी एकदा म्हटलं, तुला राग कसा येत नाही? तर म्हणते, "त्याने बसवलेल्या दातांनी त्यालाच शिव्या देऊ? पडतील माझे दात. तेही दुसऱ्यांदा."

म्हातारा सगळ्यात शेवटी काढला. किटलीतून निघेना. तोंड अरुंद, पोट रुंद. चमच्याने माती उकरून सोडवला. त्याची मुळं किटलीच्या आकाराची झाली होती. मी ती मोकळी केली, नव्या कुंडीत मधोमध बसवला, खाली गोटे, वर बागेची काळी माती. सगळ्यांना भरपूर पाणी घातलं. माती किती तहानलेली होती! घातलं की गडप, घातलं की गडप.

जुनी भांडी पोत्यात भरून दाराबाहेर ठेवली, भंगारवाल्यासाठी. आईला सांगितलं, आला की देऊन टाक.

बाल्कनी आता हॉटेलसारखी दिसते. पहिल्यांदाच बारकीसाठी काहीतरी धड केलं असं वाटलं.

२१ जानेवारी

भावोजींचा फोन. मी उचलणार नव्हते, आईने उचलून माझ्या हातात दिला.

"झाडं बरी आहेत ना, ताई?"

"मजेत आहेत. नवी घरं मिळाली त्यांना."

थोडा वेळ काही बोलले नाहीत. त्यांचं असंच आहे. त्यांच्याशी फोनवर बोलताना सारखं वाटतं, लाइन तुटली.

"पाणी कधी घालता?"

"एक दिवसाआड."

"ताई, ती तर थंडीत जवळजवळ घालायचीच नाही. आभाळ असलं तर अजिबातच—"

"म्हणूनच सगळी अशी वाळलेली होती. तुम्हाला शेजारी बसून दिसलं नाही, मला लांबून दिसतं."

मी हे झाडांबद्दल बोलत होते.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "तुझं प्रेम म्हणजे पूर आहे गं. माणसाने पोहायला शिकावं नाहीतर डोंगरावर घर बांधावं." मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाली, काही नाही, म्हातारीची बडबड.

२७ जानेवारी

हवा ढगाळ. पाच दिवस ऊन नाही.

सुपाच्या वाडग्यातलं जे होतं, गुलाबासारखं पसरलेलं, त्याची खालची पानं शिजवलेल्या कांद्यासारखी झाली आहेत. आरपार दिसतं. हात लावला तर गळून हातात आली. मरगळलेलं दिसलं म्हणून जरा जास्त पाणी घातलं.

मला संशय आहे, झाडं तिथूनच आजारी आली असावीत. यांनी लपवलं असेल. लपवायची सवयच आहे.

२ फेब्रुवारी

म्हातारा मऊ झाला आहे.

संध्याकाळी कामावरून आले, सहज बोटाने बुंध्याशी दाबलं. बोट आत गेलं. पिकलेल्या फळात जातं तसं. वरून काहीच दिसत नव्हतं. केस तसेच पांढरे, ताठ. वरून अगदी बरा.

चप्पलसुद्धा काढली नव्हती. तशीच खाली बसले आणि माती उकरली. वास आला. गोट्यांपर्यंत पोचले तर गोटे दिसेनात, नुसतं पाणी. काळं, साचलेलं. मी घातलेलं सगळं तिथेच होतं. एक थेंब कुठे गेला नव्हता. मुळं हातात आली ती सुतासारखी.

बाकीच्या कुंड्या वाकड्या करून बघितल्या. सगळीकडे तेच, बाहेरून चकचकीत.

आईने विचारलं काय झालं. मी म्हटलं काही नाही. आत जाऊन हात धुतले. वास जात नाही.

३ फेब्रुवारी

आज मी दुकानात ओरडले. चारचौघांत असं आयुष्यात पहिल्यांदा. कुजलेल्या झाडासकट एक कुंडी पिशवीत घालून नेली होती, ती काउंटरवर ठेवली.

"याला पाणी जायला वाट नाही!"

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ही वरची शोभेची कुंडी असते. झाड छोट्या मातीच्या कुंडीत लावतात आणि ती यात ठेवतात. पाणी घालताना बाहेर काढतात."

"तुम्ही म्हणालात, गोटे घाला!"

"गोटे घातलेत तर मग पाणी बेताने घालायचं ना."

"तुम्ही म्हणालात, वाळवंटात जगतो!"

"वाळवंटात रोज पाणी असतं का, मॅडम?"

दोन बायका मेणबत्त्या हुंगत होत्या, त्या थांबून बघायला लागल्या. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला सांगितलं नाही. कुणीच मला सांगत नाही. मी काय दगड आहे? सांगितलं असतं तर मी काहीतरी केलं असतं!"

तो घाबरला. म्हणाला, "ताई, बसा, पाणी देऊ?"

पाणी!

मी कुंडी तिथेच ठेवून आले.

४ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी घेतली. म्हाताऱ्याला काढून वर्तमानपत्रावर आडवा ठेवला आहे. पुढे काय करायचं कळत नाही. बारकीला विचारलं असतं.

आईला म्हटलं, भंगारवाला कुठे बसतो ते तुला माहीत आहे का, मला ती डबडी परत हवी आहेत. आई उठली, तिच्या पलंगाखाली वाकली आणि पोतं ओढून बाहेर काढलं.

"दिली नाहीस?"

"भाव पटला नाही."

"भंगारवाला आला तरी होता का?"

"आला असता तर पटला नसता."

मी पोतं बाल्कनीत रिकामं केलं. एकेक भांडं धुतलं. धुताना पहिल्यांदा उलटी करून बघितली.

प्रत्येकाच्या बुडाला भोकं आहेत. टिनाच्या डब्याला असतील, त्यात नवल नाही, खिळ्याने पडतात. पण सुपाचा वाडगा चिनीमातीचा आहे. त्याच्या बुडाला गोल, स्वच्छ भोक, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, बोट फिरवलं तर कुठे लागत नाही. शेजारी बारीक ओरखडा, आधी एकदा मशीन घसरलं असावं. किटलीला भोकांचा गोल आहे. इनॅमलचा टवका उडू नये म्हणून प्रत्येक भोकाच्या कडेला गुलाबी काहीतरी लावलं आहे. मी नखाने खरवडून बघितलं. ते आईच्या कवळीच्या हिरड्यांचं आहे. तोच रंग.

माती वाहून जाऊ नये म्हणून आतून जाळीचे तुकडे. तेही मापात कापलेले.

बारकीने हे केलेलं नाही. लहानपणी घरी सुतार यायचा आणि ड्रिल सुरू झालं की ती कानात बोटं घालून जिन्याखाली जाऊन बसायची. मोठी झाल्यावरही मिक्सर मीच लावायचे.

आता भांडी नीट बघितली. ज्याची मुळं उथळ त्याला पसरट वाडगा. ज्याचं एकच लांब मूळ त्याला नळाचा तुकडा. म्हाताऱ्याला जाड पत्र्याची किटली, आणि पाणी जायला भोकंच भोकं. आणि बोटभर जागा सगळ्यांना, जास्त नाही. हे कुणी बसून ठरवलं होतं, आणि दुसऱ्या कुणी बसून भोकं पाडली होती.

मला राग आला. आता कुणाचा, ते सांगता येत नाही. आधी सोपं होतं.

भावोजींना फोन केला. म्हटलं, म्हातारा कुजतो आहे. या.

५ फेब्रुवारी, रविवार

आले. हातात लॅबचं छोटं मशीन, पेनासारखं धरायचं. टोकाला हिऱ्याची भुकटी लावलेली पिन. बाल्कनीत आले, म्हाताऱ्याकडे बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिले. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग पांढऱ्या कुंड्या उलट्या करून पाहिल्या. "वाया कशाला घालवायच्या. भोकं पाडू. तुम्ही वरून पाणी सोडत राहा, तापलं की तडकते." मी तांब्याने धार धरली, त्यांनी पहिलं भोक पाडलं. पांढरं दूध वाहिल्यासारखं पाणी खाली आलं. आवाज दातांच्या डॉक्टरकडे येतो तसा. बारकी या आवाजात कुठे बसत असेल?

"आतल्या खोलीत," ते म्हणाले. मी मोठ्याने विचारलं होतं हे मला कळलं नाही. "उशी डोक्यावर घेऊन. झालं की मी हाक मारायचो."

"कुंड्या कुणी ठरवायच्या?"

"ती. मला झाडातलं काही कळत नाही. ती म्हणायची, याला असं भांडं हवं, शोध. मी शोधायचो. विकतची आणू का म्हटलं तर म्हणायची, तुला भोक पाडायला लागलं नाही तर ते माझं कसं होईल?"

दुसरी कुंडी मी मागून घेतली. मला जमेल, म्हटलं. त्यांनी सांगितलं, जोर द्यायचा नाही, मशीनच जातं आत. मी जोर दिला. कुंडी एका आवाजात दुभंगली.

मी ते तुकडे हातात धरले आणि म्हटलं, "तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"ताई, हात कापेल."

"का नाही सांगितलं! मी रोज लोकांच्या छात्या बघते. माझी बहीण माझ्यासमोर खोकत होती आणि मी तिला सरबतासारखं औषध पाजत होते!"

त्यांनी मशीन बंद केलं. आणि त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो कधी ऐकला नव्हता.

"ती आली होती तुमच्याकडे! सेंटरवर. फाइल घेऊन. बाहेर बाकावर बसली होती. आत कुणी म्हाताऱ्या बाई होत्या, सारख्या हलत होत्या, तुम्ही त्यांच्यावर वैतागलात. मग म्हणालात, घाबरू नका, मी आहे ना. बारकीने एवढं ऐकलं आणि उठून घरी आली."

"मी वैतागले म्हणून?"

"नाही. मी आहे ना म्हणालात म्हणून." त्यांना धाप लागली होती. "म्हणाली, ताईला कळलं की ती असणारच. सकाळ-संध्याकाळ. डबे, गजर, औषधाच्या वेळा. मला आहे तेवढे दिवस नुसतं राहायचंय. मी म्हटलं, ताई मला आयुष्यभर माफ करणार नाही. तर म्हणाली, तुला काय, तू गप्प बसशील."

मी हातातले तुकडे वर्तमानपत्रावर ठेवले.

"मलाही राग येतो, ताई. तुम्हाला एकटीलाच येत नाही. तिने सगळं मला सांभाळायला ठेवलं, तुमच्या रागासकट. मी ते केलं. आणि मी एक झाड मागितलं होतं तुमच्याकडे. एक!"

आतून आई म्हणाली, "भांडा, पण जरा हळू. टीव्हीवरची बाई काय म्हणते ते कळत नाहीये."

टीव्ही बंद होता. मला दारातून दिसत होतं. आई बंद टीव्हीकडे तोंड करून बसली होती आणि पदराने डोळे पुसत होती.

थोड्या वेळाने भावोजी म्हणाले, "ती कुजकं कापून टाकायची. वरचं चांगलं निघालं तर जगतं."

सुरी उकळत्या पाण्यात धरून आणली. त्यांनी कागदाच्या पट्टीत म्हाताऱ्याला धरलं. मी बुंध्याकडून कापायला सुरुवात केली. पहिली चकती पूर्ण तपकिरी. दुसरी कडेने बरी, मधे डाग. डाग कुठवर गेला आहे हे बघायला मला कुणी शिकवायला नको. मी चकती उजेडाकडे धरून बघितली. भावोजी माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, पेशंटचे नातेवाईक बघतात तसे.

"अजून आहे," मी म्हटलं. मला परवानगी नसलेलं वाक्य.

आणखी एक चकती. मधे टाचणीएवढा ठिपका. आणखी एक. पांढरट हिरवी, ओली, स्वच्छ. दोनदा बघितली.

"नाही. इथे नाही."

ते खाली बसले. उरला तो म्हातारा अंगठ्याएवढाच. बारकीने आणला होता तेवढा.

"आता?" मी विचारलं.

"आता काही नाही. कोरड्या जागी ठेवायचा. माती नाही, पाणी नाही. जखम सुकू द्यायची. ती रोज बघायचीसुद्धा नाही."

जाताना त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, पण मागितला नाही. मीही दिला नाही. मी कुजवला, तर उभा मीच करणार.

६ फेब्रुवारी

पाणी घातलं नाही.

९ फेब्रुवारी

पाणी घातलं नाही. हात शिवशिवतात. आई म्हणाली, तुला कुणाला पाजायचंच असेल तर मला चहा दे.

सेंटरवर बाहेर तीन बाक आहेत. कुठल्यावर बसली असेल? भावोजींना विचारणार होते. विचारलं नाही. मधल्यावर बसली असेल तर माझ्या दारातून दिसायला हवी होती.

१७ फेब्रुवारी

बाकीच्यांतली निम्मी गेली. उरलेली जुन्या भांड्यांत परत लावली. मातीत अर्धी जाड वाळू आणि खडी. रबरी वाटीत जे होतं ते वाचलं, वाडग्यातलं नाही. पण त्याचं एक गळलेलं पान कोपऱ्यात पडलं होतं, त्याला आपणहून केसासारखी मुळं फुटली आहेत. कुणी काही केलं नव्हतं.

बारकीवर आज फार राग आला. नीट लिहून ठेवते. तुझा निर्णय होता, ठीक. पण तुझ्या त्या शांत दिवसांत मी नव्हते, आणि ते दिवस आता मला कुणी देणार नाही. तू राहून घेतलंस. माझ्या वाट्याला ती दोन बोटं आली.

माफ केलेलं नाही.

११ मार्च

म्हाताऱ्याचा काप चामड्यासारखा वाळला होता. आज उलटा करून पाहिला. मधोमध तीन पांढरी टोकं आहेत.

भिंग आणून बघितलं. मुळंच आहेत. मी अशा गोष्टींत चुकत नाही.

भावोजींना फोन करून सांगितलं. नेहमीसारखी लाइन तुटली असं वाटलं. मग लक्षात आलं, ते रडत होते. मीही फोन धरून ठेवला.

१२ मार्च, रविवार

म्हाताऱ्याला किटलीत लावला आणि घेऊन गेले. बसने, मांडीवर घेऊन. टोचला.

भावोजींनी चहा टाकू का विचारलं, मी हो म्हटलं. स्वयंपाकघरात फळीवर निळं झाकण दिसलं. किटलीचंच. पुसून चकचकीत ठेवलेलं.

"हे कशाला ठेवलंय?"

"ती टाकू द्यायची नाही. म्हणायची, झाड मेलं तर चहाला होईल."

"खाली भोकं आहेत की."

"तेच मी म्हणायचो. तर म्हणायची, पाडली कुणी?"

मी हसले. मग हसल्याचा राग आला. ते पाठमोरे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. कशाने ते मी विचारलं नाही.

किटली बाल्कनीत जुन्या जागी ठेवली. फरशीवर तिच्या बुडाचा गोल डाग अजून आहे, त्यावर बरोबर बसली. भावोजी पेल्यात पाणी घेऊन आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

"नको," मी म्हटलं. "आज नको."

ते पाणी मी प्यायले.